माझा शांत स्वभाव आणि घरचा फोन

३ नोव्हेंबर, रविवार

नवी वही. नियम: अक्षर नीट, शुद्धलेखन नीट, कुणाविषयी वाईट लिहायचे नाही. रोज लिहिल्याने मन शांत राहते, असे दुकानात टाइप करायला आलेल्या एका प्रबंधात होते. त्या बाईंनी एकच शब्द तीन प्रकारे लिहिला होता. मी एकच प्रकार ठेवला आणि त्यांना कळूही दिले नाही. मी कॉलेजची दोनच वर्षे केली, पण काहिऱ्याच्या या शुब्रा वस्तीत माझ्यापेक्षा शुद्ध टाइप करणारा माणूस दाखवा.

तसा मी मुळात शांतच आहे. गुरुवारी आई आणि मी मिठाईचा डबा घेऊन तल्अतसाहेबांकडे मुलगी बघायला गेलो. मुलीचे नाव सुंदुस. थोड्या वेळाने मोठ्या माणसांनी आम्हा दोघांना बाल्कनीच्या दाराशी बसू दिले. मला वाटले पगार विचारील, फ्लॅटचे विचारील. तिने विचारले, तुम्हाला राग येतो का? तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा ताटे फेकतो म्हणे. मला बाकी काही नको हो, म्हणाली, घरात चढलेला आवाज तेवढा नको. मी म्हणालो, मला आयुष्यात राग आलेला नाही. ती हसली. तोंडाच्या एकाच बाजूने हसते. तेव्हापासून माझे दुसऱ्या कशात लक्ष नाही.

तल्अतसाहेब रेल्वेतून निवृत्त आहेत आणि स्टेशनवरच्या घोषणेसारखे बोलतात. त्यांनी जाहीर केले की रिवाजाप्रमाणे मुलाची चौकशी केली जाईल आणि उत्तर घरच्या फोनवर देण्यात येईल. मोबाइलवर मुलीची बोलणी करणे त्यांना पसंत नाही. आईला हे फार आवडले. मलाही.

आज दुपारी घरचा फोन वाजला. धावलो. टेबलाचा कोपरा गुडघ्याला लागला. नर्मीन नावाची बाई होती. पाणी शुद्ध करायचे फिल्टर विकते. नको म्हणून सांगितले. गुडघा सुजला आहे. राग नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी नर्मीन. मग समुद्रकाठी बंगला घ्या म्हणणारा एक पुरुष. मग कुठल्याशा इस्पितळाचे सवलतीचे कार्ड. मग पुन्हा नर्मीन, आवाजात जणू आम्ही शाळेपासूनचे मित्र. मी संध्याकाळी दुकानावर जातो, म्हणून दिवसा घरी असतो, दिवसभर हेच. वायर काढून टाकावी, तर तल्अतसाहेब नेमके तेव्हाच फोन करतील. नंबर दिसणारा फोन आमच्याकडे नाही. हा वडिलांच्या वेळचा आहे आणि आई तो बदलू देत नाही.

म्हणजे प्रत्येक वेळी धावायचे. प्रत्येक वेळी, उस्ताज, आपण पाणी कुठलं पिता?

नळाचे पितो. नाईलचे पितो. फेरोच्या काळापासून पितो आहोत आणि अजून जिवंत आहोत.

असे मी म्हणालो नाही. मनात म्हणालो. नंतर आई म्हणाली, अरे, शेजारी ऐकतात, हळू. म्हणजे कदाचित तोंडानेही म्हणालो असेन.

५ नोव्हेंबर, मंगळवार

निश्चय: सभ्यपणाने, पण ठामपणे. सभ्य माणसापुढे विकणारा हरतो.

नर्मीनचा फोन आला तेव्हा मी उभा राहून बोललो. उभे राहिले की आवाज ठाम येतो. म्हणालो, ताई, तुमच्या कष्टांचा मी आदर करतो, पण आम्हाला फिल्टर आज नको, उद्या नको, कयामतपर्यंत नको. ती म्हणाली, बरं उस्ताज, तसं. एवढेच. मी जिंकलो होतो. आता नुसता फोन ठेवायचा. पण माणसाने नीट निरोप घेतल्यावर तसाच कसा ठेवणार? म्हणून मी म्हणालो, या कधी घरी, घर तुमचंच आहे, जेवूनच जा.

हे बोलण्यापुरते असते. आमच्याकडे याला नावाड्याचे आमंत्रण म्हणतात: नदीच्या मध्यावर होडीत बसून काठावरच्या माणसाला हाक मारायची, या हो जेवायला. काठावरचा माणूस म्हणतो, अल्लाह बरकत देवो, आणि आपल्या वाटेने जातो. पोहत कुणी येत नाही.

नर्मीन म्हणाली, उद्या दुपारी चालेल?

६ नोव्हेंबर, बुधवार

पोहत आला. नर्मीन नाही, तिच्या कंपनीचा इंजिनिअर शिहाता. हातात पेटी. दारात उभा राहून म्हणाला, आमंत्रणाबद्दल आभार. आईला वाटले माझा मित्र. तिने भात भरलेल्या भाज्यांची महशी वाढली. तो पोटभर जेवला, कोबीची पुन्हा मागून घेतली. मग म्हणाला, मावशी, एक ग्लास नळाचं पाणी द्या, गंमत दाखवतो.

ग्लासात दोन सळ्या सोडल्या, वायर प्लगात घातली. पाणी आधी पिवळे झाले, मग तपकिरी, मग त्यावर गटारासारखा फेस आला. आईने तोंडावर हात घेतला. म्हणाली, तुझे वडील हेच पाणी पीत होते रे. तरीच गेले.

मी शिहाताला समजावून सांगितले की ही सळ्यांची करामत आहे, सळईचे लोखंड पाण्यात उतरते, कोणीही शाळकरी पोर सांगेल. समजावताना मी टेबलावर हात ठेवला. जरा वेगाने ठेवला गेला. ग्लास फुटला. शिहाता पेटी आवरून म्हणाला, उस्ताज, तुमच्या घरच्या पाण्यात खरंच काहीतरी आहे, डोक्यात चढतंय.

आई आता फक्त विकतच्या बाटलीतले पाणी पिते आणि ग्लास तोंडाला लावण्याआधी उजेडाला धरून बघते.

तल्अतसाहेबांचा फोन नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

जुम्म्याची नमाज, मग जेवण, मग झोप. आठवड्यातून एकदाच मिळते ती झोप. फोन वाजला. मी उठलो नाही, मनाला सांगितले की शुक्रवारी मुलीचे वडील फोन करत नाहीत. आईने उचलला. मी अर्ध्या झोपेत आईचे हसणे ऐकत होतो. बराच वेळ. वाटले, झाले, होकार आला, विहिणी बोलत आहेत. अनवाणी धावलो.

नर्मीन होती. आई तिला मुलुखियाच्या पालेभाजीला लसणाची फोडणी कधी घालायची ते सांगत होती.

आईला फोन उचलायला बंदी. तिचे म्हणणे असे की त्या पोरीच्या पाठीमागे एक बाई उभी असते, बोलणं तोडलं की ओरडते. दिवसभरात कुणी तिला धड सलाम पण करत नाही. तिचा साखरपुडा मोडला आहे. मी विचारले, हे सगळे तुला कशाला हवे? आई म्हणाली, बाळा, तू दुकानावर जातोस, मी भिंतीशी बोलू का?

मी म्हणालो, हो.

हे शांतपणे म्हणालो. आई बाल्कनीत जाऊन बसली, अजून बोलत नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

मोठा शोध लागला. फोन वडिलांच्या नावावर आहे म्हणून सगळे विचारतात, अब्दुल मुग्नीसाहेब आहेत का? आज बंगलेवाल्याला मी खरे तेच सांगितले. अब्दुल मुग्नीसाहेब वारले. आणि काय आश्चर्य. त्याची सगळी पोपटपंची थांबली. शेष राहतो तो अल्लाहच, म्हणाला. मीही म्हणालो, आणि आयुष्य तुम्हाला मिळो. किती सुंदर बोलणे झाले. ज्या माणसाच्या घशात रिसिव्हर कोंबावासा वाटत होता, तो एका क्षणात माणूस झाला. मृत्यूपुढे आपल्याकडे कुणी काही विकू शकत नाही. एवढी लाज अजून शिल्लक आहे.

दुपारपर्यंत वडिलांना पुष्कळ वेळा वारवले. दर वेळी चालले.

संध्याकाळी इस्पितळाच्या कार्डवाल्या बाईने सांत्वन केले आणि म्हणाली, मग आता घरातले निर्णय कोण घेतं, भाऊ? मी सांत्वनाच्या भरात माझेच नाव सांगून बसलो. तिने लिहून घेतल्याचे ऐकू आले.

१० नोव्हेंबर, रविवार

अपेक्षेप्रमाणे. सकाळपासून सगळे म्हणतात, सफ्वतसाहेब आहेत का? बंगलेवाला सुद्धा. नर्मीन सुद्धा. हे लोक माणसांची नावे एकमेकांना विकतात. भाजी विकावी तशी; भाजी तरी घरी नेऊन धुतात.

नवा निश्चय: फोन उचलायचा आणि गप्प राहायचे. विकणारा आधी बोलतो. त्याला दम निघत नाही. त्याने तोंड उघडले की ठेवून द्यायचा. तल्अतसाहेब असतील तर आधी सलाम करतीलच.

पहिल्याच फोनवर पलीकडचाही गप्प. मी हट्टाला पेटलो. तोही. नुसते दोन श्वास. पण मी हरणाऱ्यातला नाही. शेवटी पलीकडून आवाज आला, अरे बोल की, मेलास का काय? मन्सूऱ्यात राहणारा माझा मामा होता. म्हणाला, हल्ली हॅलो म्हणायचे पैसे पडतात का रे तुमच्या काहिऱ्यात? आईने रिसिव्हर घेतला आणि माझ्यादेखत त्याला सांगितले की लग्न ठरेपर्यंत पोराचं डोकं ठिकाणावर नाही, तू मनावर घेऊ नकोस.

मामा खेडवळ माणूस आहे. पण मेलास का, हे त्याचे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

झाले. सफ्वत वारला.

इतके सोपे होते. रिसिव्हरवर रुमाल धरायचा, आवाज घोगरा करायचा. सफ्वतसाहेब आहेत का? नाहीत. वारले. मी त्यांचा चुलत भाऊ. बंगलेवाला सांत्वन करून गेला. कार्डवाली बाई म्हणाली, कार्ड असतं तर वाचले असते, पण हळू आवाजात म्हणाली आणि लगेच माफी मागितली.

खरा कस नर्मीनचा होता. ती माझा आवाज ओळखते. मी रुमालाची आणखी एक घडी घातली. ती म्हणाली, कसं शक्य आहे, काल-परवाच मावशींशी बोलले मी. मग विचारले, मावशी कशा आहेत? एकुलता एक ना हो त्यांचा? आणि रडू लागली. खरोखरचे. मागून एक बाई कुणावर तरी खेकसल्याचे ऐकू आले आणि फोन बंद झाला.

असा विजय या फोनवर पूर्वी कुणी मिळवला नसेल. रडून फोन ठेवला तिने. ती आता पुन्हा करणार नाही.

एक धोका आहे, तोही विचारात घेतला. तल्अतसाहेबांचा फोन आला तर? पण ते मला नाही, आईला विचारतील. होकार-नकार मोठी माणसे मोठ्या माणसांना देतात. शिवाय त्यांचा आवाज मी हजार आवाजांत ओळखीन.

आईला यातले काही सांगितलेले नाही. तिला विनोद कळत नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार. दुपार.

दुकानावर निघण्यापूर्वी चार ओळी. हात सफाईदार होत चालला आहे.

आजचा सगळ्यात भारी होता. पढवलेला, खणखणीत आवाज, अगदी घोषणा केल्यासारखा. अशा आवाजाची मला आता पारख आली आहे. उस्ताज सफ्वत यांच्याशी बोलायचे आहे, म्हणाला. एका महत्त्वाच्या विषयावर. त्यांच्या आनंदाचा विषय आहे. आनंदाचा! लाज नाही. मी रुमाल धरून म्हणालो, सफ्वत अल्लाहच्या घरी गेला. मला वाटले फोन ठेवला. मग तो म्हणाला, ला हौला वला कुव्वता. आवाज फाटला त्याचा. कधी? मी म्हणालो, पहाटे. कशाने? मी म्हणालो, हृदय. इतका शांत मुलगा होता हो, मी स्वतःहून जोड दिली, कधी कुणावर आवाज चढवला नाही. तो म्हणाला, हेच ऐकलं होतं, सगळीकडून हेच ऐकलं होतं. त्यांची ही पद्धत आहे, आपण बोलू ते त्यांनी ऐकलेलेच असते.

मग विचारतो, सांत्वनाला कुठे यायचं? विकणारा असून रीत सोडली नाही, म्हणून मीही सोडली नाही. म्हणालो, मगरिबच्या नमाजानंतर, घरीच, मांडव नाही.

हेही बोलण्यापुरतेच.

अजून तल्अतसाहेबांचा फोन नाही. लाइन आता इतकी मोकळी असते, तरी नाही. ते मुद्दाम वाट बघायला लावतात की काय? रेल्वेचा माणूस.

१३ नोव्हेंबर, बुधवार

काल जे झाले ते क्रमाने आणि शांतपणे लिहितो.

पाच पाने टाइप करायची राहिली होती, पण मालकाने लवकर सोडले. गल्लीत वळलो तर आमच्या इमारतीपुढे खुर्च्या मांडलेल्या. आमचा दारवान फर्गली याने आपला रेडिओ खिडकीत ठेवून त्यावर कुराण लावले होते. काळ्या कपड्यांतल्या बायका वर जात होत्या. मी रिवाजाप्रमाणे फर्गलीचा हात हातात घेऊन म्हणालो, शेष राहतो तो अल्लाहच. कोण गेलं? फर्गलीला इमारतीतले सगळे माहीत असते, निदान त्याचे तसे म्हणणे असते. तो मान हलवून म्हणाला, तिसऱ्या मजल्यावरचं, उस्ताज. लोक येऊन विचारायला लागले, मातम कितव्या मजल्यावर, आणि मला पत्ता नाही. मान खाली गेली माझी. म्हणून म्हटलं, आधी खुर्च्या तरी मांडू.

तिसऱ्या मजल्यावर फक्त आम्ही राहतो. समोरचा फ्लॅट बंद आहे.

मी वर कसा गेलो ते आठवत नाही. एक बूट दुसऱ्या जिन्यावर राहिला. एवढेच डोक्यात होते की सकाळी आई चहा घेऊन आली आणि मी तिच्याशी बोललो नाही, कारण ती माझ्याशी बोलत नव्हती. दारात बायकांची गर्दी. त्यांना ढकलून आत गेलो. बैठकीच्या जमिनीवर आई बसलेली, डोक्यावरचा रुमाल सुटलेला, एक अनोळखी बाई तिला धरून म्हणत होती, धीर धरा, सफ्वतच्या आई, तो जन्नतमध्ये आहे. आई म्हणत होती, दुकानावर गेला होता हो, नुसता दुकानावर गेला होता.

तिने मान वर करून मला बघितले. मी तिला बघितले. दोघांनाही समोरचा माणूस मेलेला वाटत होता.

मग तिने मला मिठी मारली आणि त्याच हाताने मुस्कटात मारली. नंतर पुन्हा मिठी.

बायका ओरडत जिन्यात पळाल्या. मागे उरले ते तल्अतसाहेब, काळ्या सुटात, हातात टोपी, आणि त्यांच्या मागे सुंदुस. काळा पोशाख, डोळे सुजलेले. दिवसभर रडली असावी. माझ्यासाठी. हे मी लिहून ठेवतो, कारण ते खरे आहे.

मी खुलासा केला. अगदी व्यवस्थित केला. लोक फोन करतात, फिल्टर, बंगले, इस्पितळाचे कार्ड, नावे विकतात, आवाज घोषणेसारखा वाटला. जसे घडले तसे सांगितले, कुठेही अडखळलो नाही. तल्अतसाहेब म्हणाले, म्हणजे तो चुलत भाऊ तू होतास? शांत मुलगा होता, हे तूच म्हणालास? मी म्हणालो, हो, पण ते खरेच आहे. ते बराच वेळ टोपीची कड फिरवत राहिले. मग म्हणाले, मी आज होकार द्यायला फोन केला होता. ज्याला दिला असता तो मुलगा पहाटे गेला. त्याच्यासाठी माझ्या मुलीने काळे घातले. तू कोण, ते मला माहीत नाही.

हे त्यांनी घोषणेसारखे म्हटले नाही. साध्या आवाजात म्हटले.

मी सुंदुसला म्हणालो, तुम्ही तरी समजून घ्या, मला काही राग आला नव्हता, फक्त उपाय करत होतो. ती म्हणाली, त्या फोनवरच्या मुलींनाही असंच रडवलंत का? मी म्हणालो, एकच रडली.

ती खाली बघत जिना उतरली. फर्गली खालून ओरडला, साहेब, मातमाची कडू कॉफी आणू ना?

या सगळ्याला जबाबदार कोण, हे स्पष्ट आहे. नर्मीनची कंपनी.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आई बोलते, पण फक्त कामापुरते. फर्गली मला बघून अल्लाहचे नाव पुटपुटतो, मग हसतो.

निश्चय: गैरसमज दूर करायचा. ज्या फोनने बिघडवले त्याच फोनने नीट करायचे. सुंदुसच्या घरी फोन केला. काय बोलायचे ते कागदावर लिहून घेतले होते, पाठही केले होते. तिच्या आईने उचलला. मी म्हणालो, सलाम, आपला फक्त थोडा वेळ घेतो, विषय आपल्या फायद्याचा आहे. त्या म्हणाल्या, आम्हाला काही नको, आणि ठेवला.

किती उद्धट. पुरते ऐकून तरी घ्यायचे.

१७ नोव्हेंबर, रविवार

काल पुन्हा केला, दोनदा. आज सकाळी पुन्हा. सकाळी सुंदुसने उचलला. श्वासावरून ओळखली. मी घाईघाईने म्हणालो, कृपा करून ठेवू नका, मी सफ्वत. ती म्हणाली, वारले ते. तिच्या आवाजात राग नव्हता. मागून तल्अतसाहेब विचारत होते, कुणाचा गं? ती म्हणाली, काहीतरी विकणारे आहेत, अब्बा.

दुपारी लावला तर नुसती टूँ टूँ. रिसिव्हर बाजूला काढून ठेवला असणार. लोकांना साधी माणुसकी राहिलेली नाही.

मी शांत आहे. वहीचे हे पान दुसऱ्यांदा लिहिले आहे, कारण पहिले फाटले.

२४ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर घरचा फोन वाजला नाही. नर्मीन नाही, बंगलेवाला नाही, कार्डवाली नाही. मेलेल्या माणसाला कुणी फोन करत नाही. म्हणजे माझी योजना पूर्णपणे यशस्वी झाली, हे इथे नमूद करतो. घर इतके शांत आहे की स्वयंपाकघरात आई ग्लास ठेवते तो बाहेर ऐकू येतो. दोन दिवस मी फोनची वायर तपासतो आहे. ठीक आहे.

आज दुपारी वाजला. धावलो.

एका मुलीचा आवाज, कोवळा, बहुधा नवीन नोकरी. म्हणाली, आपल्या घरी दुःखद प्रसंग झाल्याचं कळलं, अल्लाह सबर देवो. मी म्हणालो, आभार. म्हणाली, आमची कंपनी नव्या शहराबाहेर कबरीच्या जागा देते, मस्जिद आहे, झाडं आहेत, पहारेकरी आहे, हप्त्यांची सोय आहे.

मी ठेवणार होतो. खरोखर ठेवणार होतो. पण तिने विचारले, गेलेले तरुण होते का? मी म्हणालो, हो. म्हणाली, आणि लग्न?

मी म्हणालो, ठरत आलं होतं.

ती हळूच म्हणाली, किती वाईट झालं हो. आणि मग कसे ते कळले नाही, पण मी सांगत गेलो: मुलगी चांगली होती, तोंडाच्या एका बाजूने हसायची, तिला फक्त एकच गोष्ट हवी होती. फोनवरची मुलगी सगळे ऐकत होती, मध्येच हं म्हणत होती. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी बोलतच होतो. शेवटी फोनवर त्या मुलीच्या मागून कुणीतरी खेकसले, तेव्हा ती घाबरून म्हणाली, माफ करा, भाऊ, मला एवढंच सांगा, जागा एकट्याची हवी की दोघांची?

मी म्हणालो, एकट्याची.